निवासी संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र : डोस वाढवण्याआधी नोंदवही उघडा

निवासी संस्थांचे विश्वस्त, संचालक आणि अधीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा इतर विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी आपण निवासी संस्था चालवता. आपल्या कार्यालयात घटनांची एक नोंदवही असते. कोणी कोणाला चावले, कोणी भिंतीवर डोके आपटले, कोणी काच फोडली, कोणी अंगावरचे कपडे फाडले, हे तिच्यात लिहिलेले असते. तपासणीला कोणी आले की ती बाहेर निघते, एरवी कपाटात असते. ती वही आपण स्वतः, सहीपुरती नव्हे, गेल्या सहा महिन्यांची पाने सलग वाचावीत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

विशेष शिक्षिका म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे प्रौढांच्या निवासी संस्थांमध्ये गेली. कोणाचे वागणे हाताबाहेर गेले की मला बोलावणे येई. ठिकाण कोणतेही असो, तिथे दोन वाक्ये ऐकू येतच. ‘हा मुद्दाम करतो’ आणि ‘डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्या.’ आणि चौकशी व्हायची ती नेहमी त्या वेळी ड्युटीवर असलेल्या ताईंची किंवा दादांची. तुम्ही तिथे असताना असे झालेच कसे, हा प्रश्न सर्वांत कमी पगार आणि सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाला विचारला जातो. मला वाटते तो प्रश्न चुकीच्या पत्त्यावर जातो. चावणे, आपटणे, फोडणे अशा ज्या वागण्याला आव्हानात्मक वर्तन म्हणतात त्याची मुळे बहुतेक वेळा वर ठरलेल्या गोष्टींत असतात. दिवसाचे वेळापत्रक, पाळ्यांचा तक्ता, एका खोलीत किती जण, संध्याकाळी हाताशी किती माणसे, डॉक्टरांकडे काय सांगून पाठवले, हे सगळे आपण ठरवता. म्हणून त्यातून बाहेर पडण्याचा रस्ताही आपल्यापासूनच सुरू होतो.

आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2015 साली या विषयावर मार्गदर्शिका काढली. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि कोणत्या ना कोणत्या सेवेत असलेल्या लोकांपैकी साधारण 5 ते 15 टक्के जणांमध्ये असे वर्तन दिसते, रुग्णालयांसारख्या ठिकाणी मात्र हे प्रमाण 30 ते 40 टक्क्यांपर्यंत जाते, असे तिच्यात नोंदवले आहे. ज्यांचे वागणे आधीच कठीण आहे त्यांनाच तिथे पाठवले जाते, हे त्याचे एक कारण आहेच. पण तिथला गोंगाट, रिकामे तास, सतत बदलणारी माणसे आणि स्वतःच्या हातात काहीच नसणे, हेही कारणच आहे. त्याच मार्गदर्शिकेत हे वर्तन म्हणजे त्या माणसाचे निदान नव्हे, ते बऱ्याचदा त्याच्या भोवतालाशी असलेल्या नात्यातून येते, असे म्हटले आहे.

आता नोंदवहीकडे येते. बहुतेक नोंदी अशा असतात : ‘सायंकाळी 6.40. अमुक आक्रमक झाला. समजावले. ऐकले नाही. औषध दिले.’ या नोंदीवरून काहीच कळत नाही. ‘आक्रमक झाला’ म्हणजे त्याने नेमके काय केले? ढकलले, ओरबाडले, की नुसता मोठ्याने ओरडला? त्याआधीच्या दहा मिनिटांत काय चालले होते? त्याला काही करायला सांगितले होते का, हातातले काही काढून घेतले होते का, तो कशाची वाट पाहत होता का, शेजारी कोण होते, आवाज किती होता? आणि त्यानंतर त्याला काय मिळाले? तिथून बाहेर काढले गेले, कोणी जवळ येऊन बसले, नको असलेले काम टळले, की हवी असलेली वस्तू हाती आली? आधी काय, प्रत्यक्षात काय आणि नंतर काय, हे तीन रकाने एवढेच या कामाचे मूळ आहे. ते भरायला पदवी लागत नाही. दोन-तीन मिनिटांचा वेळ लागतो आणि खरे लिहिले म्हणून कोणी ओरडणार नाही याची खात्री लागते. ही दुसरी गोष्ट फक्त आपण देऊ शकता.

तीन-चार आठवडे नोंदी नीट झाल्या की वही बोलू लागते. एका संस्थेत बहुतेक घटना संध्याकाळच्या एका तासातच होत असल्याचे असेच दिसले. दिवसपाळीची माणसे निरोप न घेता निघून जायची, रात्रपाळीची अजून कपडे बदलत असायची, टीव्ही मोठ्याने चालू, सगळे जण एकाच दालनात जेवणाची वाट पाहत बसलेले आणि कोणाच्याही हाताला काम नाही. त्या तासाला कोणीही चिडेल. ज्याला आवाज सहन होत नाही आणि बोलता येत नाही, तो कानावर हात ठेवेल, मग डोके आपटेल, मग शेजाऱ्याला ओरबाडेल. तिथे दोन्ही पाळ्या अर्धा तास एकत्र ठेवल्या, जेवण दोन तुकड्यांत केले आणि गर्दी न सोसणाऱ्यांना पहिल्या तुकडीत घेतले. घटना थांबल्या नाहीत, पण पुष्कळ कमी झाल्या, आणि ज्यांच्या उरल्या त्यांच्याकडे नीट पाहायला माणसे मोकळी झाली. हा निर्णय कोणत्याही ताईंच्या हातात नव्हता. पाळीचा तक्ता त्या ठरवत नाहीत.

‘लक्ष वेधून घ्यायला करतो’ हे वाक्य आपण तक्रार म्हणून ऐकता. ती माहिती आहे आणि ती उपयोगाची आहे. ब्रायन इवाटा या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिले : काम सांगितले जात असताना, इजा केली की लगेच कोणी काळजीने बोलत असताना, अगदी एकटे असताना आणि कोणतीही सक्ती नसलेल्या खेळाच्या वेळी. वरवर सारखे दिसणारे वर्तन कोणाच्या बाबतीत काम टाळण्यासाठी होते, कोणाच्या बाबतीत माणूस जवळ यावा म्हणून, तर कोणी एकटे असताना त्यातूनच शरीराला काही संवेदना मिळवत होते. म्हणजे दोघे जण स्वतःच्या थोबाडीत मारत असतील, तरी दोघांना एकच उपाय चालेलच असे नाही. जो काम टाळण्यासाठी करतो त्याला शिक्षा म्हणून खोलीबाहेर काढले, तर त्याला हवे तेच आपण देतो. जो माणसाच्या सोबतीसाठी करतो त्याला एकटे कोंडले, तर त्याची भूक वाढवतो. सगळ्यांना एकच नियम लावणारी संस्था म्हणूनच निम्म्या वेळा स्वतःच ते वर्तन पक्के करत असते.

यातून निघालेला सर्वांत उपयोगी उपाय एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 साली मुलांबरोबर दाखवला, आणि तो प्रौढांनाही लागू पडतो. ज्या गोष्टीसाठी तो माणूस चावतो किंवा आपटतो, तीच गोष्ट मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवायचा. बोलता येत असेल तर एखादा शब्द, नसेल तर हाताची खूण, चित्राचे कार्ड किंवा टॅबलेटवरचे बटण. ‘नको’, ‘थांबा’, ‘मदत करा’, ‘जरा माझ्याजवळ बसा’ या चार गोष्टी मागता आल्या तर कित्येकांचा निम्मा राग ओसरतो. हा नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा आणि लवकर फळ देणारा हवा. सुरुवातीला तर दर वेळी फळ मिळायलाच हवे. त्याने ‘नको’चे कार्ड दाखवले आणि तरीही आंघोळ घातलीच, तर चावणेच खात्रीचे आहे हे त्याला पुन्हा कळते.

आणि इथेच संचालकांचा प्रश्न येतो. एखाद्या दादांनी कार्ड पाहून आंघोळ तासभर पुढे ढकलली, तर आपली संस्था त्यांना चालू देईल का? की दहा वाजता सगळे स्वच्छ, तयार आणि ओळीत दिसले पाहिजेत या नियमासाठी त्यांना बोलणी बसतील? माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ‘वर्तन समस्या’ या दहा वाजताच्या नियमातून जन्मल्या होत्या. चाळिशीतल्या माणसाला आंघोळ कधी करायची, कोणता शर्ट घालायचा, कोणाशेजारी बसायचे हे ठरवू न देता आपण त्याच्याकडून शांतपणाची अपेक्षा करतो. आपल्यापैकी कोणी तसे एक आठवडा तरी जगेल का?

‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ असा आदेशही कृपया सरसकट देऊ नका. ज्या वागण्याला आतापर्यंत फळ मिळत होते ते मिळणे बंद झाले, की ते वागणे आधी वाढते. हा वाढीचा काळ कर्मचाऱ्यांना सांगितलेला नसतो. तिसऱ्या दिवशी एखाद्या मावशींचा धीर सुटतो आणि त्या हवे ते देऊन टाकतात. त्या माणसाला मग एवढेच समजते की आता आणखी जोरात आपटावे लागते. डोळ्यात बोट घालणाऱ्या किंवा डोके आपटणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करणे तर धोक्याचेच आहे.

वर्तन अचानक बदलले तर पहिला प्रश्न एकच : कुठे दुखते आहे का? बोलून न सांगता येणाऱ्या माणसाचे दुखणे वागण्यातूनच बाहेर येते. दाढ, कान, बद्धकोष्ठता, छातीतली जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळीच्या वेळच्या कळा, न कळलेले हाड मोडणे, ही यादी प्रत्येक अधीक्षकांच्या टेबलावर हवी. ‘त्याला अपंगत्वच आहे, म्हणून असे वागतो’ असे धरून चालले की खरा आजार झाकला जातो. डॉक्टरही याला अपवाद नाहीत. सतत गाल बडवून घेणाऱ्या एका बाईंची ती ‘जुनी सवय’ म्हणून नोंद होती. त्यांना भूल देऊन दात तपासण्याची सोय झाली, तेव्हा त्याच बाजूला हिरडीत पू झालेला निघाला. त्यांनी किती महिने ते सोसले हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. तोंड उघडू न देणाऱ्या निवाशांची दंततपासणी कुठे आणि कशी होईल, याची व्यवस्था संस्थेने गरज पडण्याआधीच लावून ठेवायला हवी.

काही जन्मजात, जनुकीय निदानांबरोबर ठरावीक त्रास येतात, तेही कर्मचाऱ्यांना माहीत हवेत. कॉर्नेलिया डी लँगे सिंड्रोममध्ये पोटातले आम्ल वर येण्याचा त्रास फार आढळतो आणि त्याच्या वेदनेतून माणूस स्वतःला मारू लागू शकतो. स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोममध्ये झोप आणणारे मेलाटोनिन रात्रीऐवजी दिवसा जास्त तयार होते. अशा माणसाला रात्री जागतो म्हणून शिक्षा करणे म्हणजे त्याच्या रक्ताला शिक्षा करणे. प्रॅडर-विली सिंड्रोममध्ये भूक भागल्याची जाणीवच नीट होत नाही. तिथे उपदेश कामाचा नाही, स्वयंपाकघराचे कुलूप आणि जेवणाची ठरलेली, दिसेल अशी वेळ कामाची आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्ये थायरॉइडचे विकार बरेच आढळतात आणि अल्झायमर इतरांपेक्षा पुष्कळ लवकर, चाळिशी-पन्नाशीत सुरू होऊ शकतो. पूर्वी शांत असलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस आता जिना उतरायला नकार देतो, रात्री घाबरतो, ओळखीच्या ताईंना ढकलतो. त्याला हट्टी ठरवण्याआधी नजर, श्रवण, थायरॉइड आणि स्मरणशक्ती तपासा. फिटसाठी दिली जाणारी औषधेही पाहा. लेव्हेटिरासिटाम या चांगल्या औषधाने काही जणांची चिडचिड आणि आक्रमकता वाढते. औषध बदलले त्याच महिन्यात वर्तन बदलले आहे का, हे नोंदवहीच सांगते.

आता डोसबद्दल. 2008 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बौद्धिक अक्षमता असलेले, आक्रमक वर्तनाचे, पण मनोविकृती नसलेले 86 प्रौढ त्यात होते. काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल ही मनोविकारावरची औषधे आणि काहींना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. चार आठवड्यांनी तिन्ही गटांत आक्रमकता कमी झाली, आणि सर्वांत जास्त घट औषध नसलेल्या गोळीच्या गटात दिसली. या औषधांचा अशा वर्तनासाठी नेहमीचा उपाय म्हणून वापर करू नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा अभ्यास लहान आहे, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. 2015 साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने अंदाज दिला, की तिथे बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे 30 ते 35 हजार प्रौढ ज्या आजारांसाठी ही औषधे असतात ते आजार नसताना रोज मनोविकारावरची औषधे घेत आहेत. पुढच्या वर्षी तिथे हा अतिवापर थांबवण्याची मोहीमच सुरू झाली.

मी औषधांच्या विरोधात नाही. ज्याला खरोखर नैराश्य, तीव्र चिंता किंवा भ्रम आहेत, त्याला औषध न देणे हाही अन्यायच आहे, आणि अपंगत्वामुळे असे आजार ओळखले जात नाहीत हेही खरे आहे. माझा आक्षेप आहे तो कारण न शोधता वाढत जाणाऱ्या डोसला. अशा औषधांनी वजन वाढते, मधुमेहाचा धोका वाढतो, सुस्ती येते. काहींना एक विलक्षण अस्वस्थता येते, तिला वैद्यकात अकॅथिजिया म्हणतात. माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, अंगावर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते वर्तन बिघडले, म्हणून डोस आणखी वाढतो आणि अस्वस्थताही वाढते. या चक्रात वर्षानुवर्षे अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. संचालकांनी प्रत्येक निवाशाच्या कागदावर हे शोधावे : हे औषध नेमके कशासाठी, कोणते वर्तन किती कमी व्हावे म्हणून दिले, फरक कधी पाहणार आणि फरक नसेल तर कधी थांबवणार. नाइसची मार्गदर्शिका तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्यायला आणि सहा आठवड्यांत फरक नसेल तर अशी औषधे थांबवायला सांगते. मात्र संस्थेने स्वतःच्या मनाने एकही गोळी अचानक बंद करू नये. कमी करायचे तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. ‘गरज पडल्यास द्यावे’ असे लिहिलेल्या औषधाची गरज कोणी ठरवायची, हेही लिहून ठेवा. नाहीतर ती गरज बऱ्याचदा कर्मचारी कमी असण्याची असते.

डॉक्टरांकडे निवाशाबरोबर कोण जाते हेही पाहा. त्या दिवशी मोकळा असलेला माणूस जातो, त्याला काही माहीत नसते, तो ‘फार त्रास देतो’ एवढेच सांगतो, आणि पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टर तेवढ्यावरच निर्णय घेतात. त्याच्या हाती तीन रकान्यांची वही, झोपेची आणि शौचाची नोंद, वजनाचा तक्ता द्या. डॉक्टरांचा निर्णय बदललेला आपल्याला दिसेल.

कोंडणे, बांधणे आणि दाबून धरणे याबद्दल मी मवाळ लिहू शकत नाही. पालथे पाडून पाठीवर भार देऊन धरल्याने माणूस गुदमरून मरू शकतो, आणि अशी माणसे मेली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे पंधरावे कलम क्रूर, अमानुष आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण देते. ‘इथे असे करावेच लागते’ ही सबब त्यात कुठेही नाही. क्षणभर धरावे लागणे, उदाहरणार्थ कोणी गाडीपुढे धावत असताना, ही गोष्ट निराळी. पण तीही दर वेळी लिहिली गेली पाहिजे आणि तिचा जाब संस्थेने स्वतःला विचारला पाहिजे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा छळ होत असल्याचे 2011 साली बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणाने उघड केले. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा जणांना तुरुंगवास झाला. त्याआधी तिथल्याच एका माणसाने लेखी इशारा दिला होता आणि तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांनी त्यावर काही केले नाही. माझ्या मते विश्वस्तांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही आहे. वाईट बातमी आणणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्या संस्थेत काय मिळते?

प्रत्यक्ष प्रसंगात काय करायचे हे शिकवता येते. एकानेच बोलायचे, तेही थोडक्यात आणि खालच्या आवाजात. दोन हात अंतर ठेवून, समोर न उभे राहता बाजूला उभे राहायचे. डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. बाकीच्यांना तिथून हलवायचे, कारण संतापलेल्या एकाला हलवण्यापेक्षा शांत असलेल्या दहांना हलवणे सोपे असते. त्या क्षणी शिकवण, दटावणी, माफी मागायला लावणे काहीही नको. केस धरले असतील तर ओढून सोडवायचे नाहीत, त्याचा हात आपल्या डोक्याशी दाबून ठेवून थांबायचे, ओढ थांबली की पकड सैल होते. हे वाचून येत नाही, जाणकाराकडून करून शिकावे लागते, वर्षातून एकदा तरी उजळावे लागते. आणि ते रात्रपाळीलाही शिकवावे लागते. प्रशिक्षणाच्या दिवशी रात्रपाळीची माणसे नेहमी घरी झोपलेली असतात.

त्या माणसांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ज्या ताईंच्या हाताला आज चावा बसला, त्यांनाच उद्या सकाळी त्याच माणसाचे दात घासायचे असतात. त्यांना भीती वाटते. भीती वाटणारा माणूस आवाज चढवतो, घाई करतो, अंतर ठेवतो किंवा जोर वापरतो, आणि समोरचा आणखी बिथरतो. चावा बसलेल्या माणसाजवळ त्याच दिवशी कोणी जबाबदार व्यक्ती बसली का? चौकशीसाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी. जखमेचा खर्च संस्थेने दिला का, रजा भरपगारी दिली का? ‘आज मला त्याच्याकडे जाणे जमणार नाही’ असे त्यांनी म्हटले, तर ती कमजोरी धरली जाते की सावधपणा? पगार इतका कमी की चांगली माणसे सहा महिन्यांत जातात आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक निवाशाविषयीचे सारे ज्ञान जाते : याला मागून हात लावलेला चालत नाही, हिला पलंगाची जागा बदललेली चालत नाही, याच्या पायाची बोटे हलू लागली की दहा मिनिटांत वादळ येते. हे ज्ञान कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालात नसते. नवीन इमारतीसाठी देणगी मिळते, पगारवाढीसाठी मिळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच देणगीदारांसमोर हा विषय काढण्याचे काम विश्वस्तांचे आहे. दालनावर नाव कोरता येते तसे या टिकून राहणाऱ्या माणसांवर कोरता येत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागेल.

शेवटी त्या कुटुंबांबद्दल, ज्यांना एके दिवशी फोन येतो : ‘याला घेऊन जा, आम्हाला झेपत नाही.’ बहुतेकदा तो फोन सत्तरी ओलांडलेल्या आईला येतो. ती मुलाला सांभाळू शकत नव्हती म्हणूनच तो आपल्याकडे होता. या फोनच्या भीतीने पालक तक्रार करत नाहीत. अंगावरचे वळ दिसले तरी विचारत नाहीत, औषधांचे कागद मागत नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला समाधान समजू नका. पालकांकडे चाळीस वर्षांची माहिती असते आणि प्रवेशाच्या अर्जात तिच्यासाठी चार ओळी असतात. प्रवेशाच्या वेळी दोन तास बसून ती माहिती घेतली, तर पुढचे कितीतरी प्रसंग टळतात. आणि आई किंवा वडील गेले तर ते निवाशाला सांगा. ‘त्याला काय कळणार’ म्हणून लपवले जाते, दर रविवारी येणारे माणूस यायचे थांबते आणि तीन महिन्यांनी नोंदवहीत लिहिले जाते, ‘विनाकारण आक्रमक’. फोटो दाखवून, साध्या शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दुःख करण्याचा हक्क त्यालाही आहे.

वर्तनतज्ज्ञ नेमायला पैसे नाहीत, असे आपण म्हणाल. काही संस्थांची ती खरी अडचण आहे. तरीही एक गोष्ट याच महिन्यात करता येते. ज्याच्याविषयी सर्वांत जास्त तक्रारी आहेत असा एक निवासी निवडा. त्याला ओळखणारी दोन माणसे नेमा, त्यांना रोज अर्धा तास मोकळा द्या आणि तीन आठवडे तीन रकाने भरू द्या. या काळात त्याचे दात, कान, पोट, नजर तपासून घ्या आणि औषधांची यादी डॉक्टरांसमोर नव्याने ठेवा. मग विश्वस्तांच्या बैठकीत हिशेबाआधी तो विषय घ्या, त्याच्या पालकांना आणि त्या दोन कर्मचाऱ्यांना बोलवा, आणि शक्य असेल तर त्यालाही. त्या बैठकीत ‘याचे काय करायचे’ हा प्रश्न येईल. तो बाजूला ठेवून आधी हे विचारा, की याच्यासाठी आपण काय बदलायचे, कधीपर्यंत आणि कोणी. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, आणि पुढच्या बैठकीला ती नोंदवही टेबलावर असू द्या.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका